आज तुमची चाल छान आहे

त्रिशलाबाईंच्या चपलेने पहिल्यांदा चुगली केली तेव्हा बाई शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या. ओट्यावरचा फोन थरथरला आणि त्याच्या काचेवर एक डावं पाऊल उमटलं. टाच, चवडा, बोटं, सगळं हिरवंगार. फक्त मध्यावर, तळव्याला जिथे खोलगट असतं तिथे, एक लाल ठिपका. खाली लिहिलेलं, "आजच पायांच्या डॉक्टरांना दाखवा. तुमच्यासाठी वेळ घेतली आहे."

बाईंच्या हातातला बत्ता हवेतच राहिला. त्यांनी पाय वर घेऊन बघितला, दाबून बघितला. काही दुखत नव्हतं. आणि नेमकं तेच ज्यांना जास्त घाबरवतं, अशा माणसांपैकी त्या होत्या.

त्याला कारणही तसंच होतं. त्यांचे वडील, शिरोळचे आप्पा, असेच एका संध्याकाळी शेतातून आले. पायरीवर बसून चप्पल काढायला गेले तर ती निघेचना. बघतात तर चपलेतून खिळा थेट पायात घुसलेला. सकाळपासून माणूस पायात खिळा घेऊन उसाला पाणी देत हिंडला होता आणि त्याला पत्ता नव्हता. आप्पा हसले होते. म्हणाले, बघ, तुझ्या बापाची कातडी कसली जाड आहे. पुढे आधी बोट गेलं, मग पाऊल गेलं, मग गुडघ्याखालचा सगळा पाय गेला. कॉलेजात जाणाऱ्या त्रिशलाने ते सगळं जवळून बघितलं होतं. स्वतःला साखरेचा आजार आहे असं कळलं त्या दिवसापासून तो खिळा त्यांच्या डोक्यातून निघाला नव्हता.

म्हणून तर हैदराबादला असलेल्या अभिनंदनने, त्यांच्या मुलाने, ही चप्पल पाठवली. दिसायला काही नाही, साखरवाल्यांना डॉक्टर देतात तसली मऊ, काळी, रबरी, बाईने घातली काय आणि बाप्याने घातली काय, सारखीच. करामत तिच्या तळात होती.

त्यात जादू म्हणाल तर काही नाही. धडधाकट माणसाचे दोन्ही तळवे जवळजवळ सारखेच उबदार असतात. आत कुठे हाड चिरलं, कातडीखाली मांस घासलं जायला लागलं, की शरीर तिकडे जास्त रक्त धाडतं आणि तेवढी जागा तापते. जखम वर दिसायच्या कितीतरी आधी तापते. एरवी अशा वेळी माणसाला दुखतं, तो लंगडतो, पाय जपतो आणि त्यातून वाचतो. पण साखरेने पायाच्या नसा बधिर केल्या की दुखणंच बंद होतं आणि माणूस मोडलेल्या हाडावर खुशाल बाजार करून येतो. चपलेच्या तळात केसासारख्या तारांचं जाळं होतं. ते डाव्या-उजव्या पावलांची जागान् जागा ताडून बघायचं. एकाच जागी दोन अंशांहून जास्त फरक दिवसामागून दिवस टिकला की बोंब मारायचं. थोडक्यात, मेलेल्या दुखण्याच्या जागी कुणीतरी नवं दुखणं बसवलं होतं. ते पायात न दुखता फोनमध्ये दुखायचं, एवढाच फरक.

अभिनंदनने फोनवर बजावलं होतं, की पहिले पंधरा दिवस चप्पल तुझी चाल शिकून घेईल, तोवर दुसऱ्या कुणाला घालू देऊ नको. एकदा शिकली की ती परक्या पायाला ओळखते आणि गप्प बसते. बाई हो म्हणाल्या. पण बाबा रे, हे सांगलीतलं घर. इथे चपला दारात ढीग करून पडलेल्या असतात, आणि ज्याला दूध घ्यायचंय, कचरा टाकायचाय, फाटक लावायचंय तो हाताला, म्हणजे पायाला, लागेल ती अडकवून जातो. कुणाची कुठली हे बघत बसायला कुणाला वेळ आहे? हे यंत्र ज्यांनी बनवलं त्यांच्याही घरी असाच ढीग असणार. पण कागदावर त्यांनी एक चप्पल म्हणजे एक माणूस असं लिहून टाकलं आणि ते मोकळे झाले.

चटणी तशीच टाकून बाई बाहेर आल्या. सन्मती चौगुले, म्हणजे त्यांचे यजमान, झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते. चौगुले सर तीस-पस्तीस वर्षं शाळेत पी.टी.चे शिक्षक. निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यात असल्यासारखेच बोलायचे. आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी चढलो नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि सकाळच्या फिरायच्या मंडळात ते रोज कुणा ना कुणाला ऐकवलं जाई. बायकोच्या त्या चपलेला ते चुगलखोर म्हणायचे. म्हणजे आज ते टोमणा मारणार, याची बाईंनी तयारी ठेवली होती.

सरांनी फोनवरचा लाल ठिपका बघितला आणि टोमणा मारला नाही. पेपरची घडी केली. "चल," म्हणाले, "मी येतो बरोबर."

मिरजेला डॉक्टर निशिगंधा मगदूम यांचा दवाखाना फक्त पावलांचा आणि घोट्यांचा. पंधरा-वीस वर्षांमागे पायांचा वेगळा डॉक्टर असतो म्हटलं की लोक हसायचे. आता त्यांच्या दारात बसायला जागा मिळत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी नायलॉनचा बारीक धागा बोटांना टेकवून, लागतंय का, असं विचारलं. काही ठिकाणी बाईंना लागलं, काही ठिकाणी नाही. घोट्यापाशी नाडीचा आवाज ऐकला, दोन्ही पायांचं तापमान घेतलं, एक्स-रेचा फोटो काढला. डाव्या तळव्याच्या मध्यावर पुन्हा पुन्हा दाबलं. काहीच नव्हतं.

बाईंच्या जिवात जीव येतोय तोवर सरांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. असा लाल ठिपका येतो म्हणजे आत नेमकं काय होतं? सूज आधी येते की नंतर? दुखत नसेल तर किती दिवस थांबलं तर चालतं? डॉक्टर मगदूम म्हणाल्या, थांबायचंच नाही. जखम दोन दिवसांत सुकायला लागली नाही, बोटाचा रंग बदलला, भोवरीखाली, म्हणजे कुरूपाखाली, काळं दिसलं, घोटा मुरगळला आणि वजन टाकवेना, की यायचं, भोवरी घरी ब्लेडने कापत बसायचं नाही. "आणि साखर असलेल्या माणसाचा एक पाय सुजलाय, गरम आहे आणि दुखत नाही, असं असेल तर एक पाऊलही न टाकता यायचं. दुखणाऱ्या पायाला मी घाबरत नाही, चौगुले सर. न दुखणाऱ्याला घाबरते."

सरांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. डॉक्टरांनी पडद्यावर "दोष नाही" असं नोंदवलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

घरी येताना बाईंना भरून आलं. एवढी वर्षं या माणसाने साधं डोकं दुखतंय का असं विचारलं नव्हतं, आणि आज माझ्या पायासाठी डॉक्टरला भंडावून सोडलं. रात्री जयसिंगपूरच्या बहिणीला, सुप्रियाला, त्यांनी फोनवर हे सगळं मोठ्या कौतुकाने सांगितलं.

पण भीती काही गेली नाही. रोज अंघोळ झाली की बाई जमिनीवर आरसा ठेवून त्यात तळवा बघायच्या. खोलगट भागावर तासन्‌तास नजर. तिथे लालसर दिसतंय का? की उजेडाचं आहे? झोपेत आप्पा यायचे आणि पायरीवर बसून चप्पल ओढत राहायचे. भजनाला जाणं बंद झालं, कारण मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या यायच्या आणि मुंग्या आल्या की बाईंना घाम फुटायचा. सर मात्र त्या दिवसांत फार समजुतीने वागत होते. स्वतः चहा करून द्यायचे. रोज सकाळी विचारायचे, "फोन काय म्हणतो आज?"

काही आठवड्यांनी फोन पुन्हा लाल झाला. तीच जागा, ठिपका मात्र मोठा, बोराएवढ्याचा लिंबाएवढा झालेला. पुन्हा मिरज, पुन्हा धागा, पुन्हा फोटो. डॉक्टर मगदूम कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांनी बाईंचा पाय आपल्या तळहातावर घेतला, दुसरा घेतला, पुन्हा पहिला घेतला. दोन्ही सारखे. शेवटी म्हणाल्या, काही काही लोकांचा तळवा तेवढ्या जागी मुळातच उबदार असतो, यंत्राला ते कळत नाही. मी शिकवते त्याला. आणि त्यांनी "दोष नाही" दाबलंच, वर "ही उष्णता या व्यक्तीसाठी स्वाभाविक आहे" हेही दाबलं.

"म्हणजे आता ते हिरवं होईल?" सरांनी विचारलं.

"होईल."

"आणि हिरवं झालं म्हणजे काळजीचं कारण नाही."

"हिरवं असेल तर नाही," डॉक्टर म्हणाल्या. दिवसभर माणसं तपासून त्या थकल्या होत्या, आणि उत्तर चुकीचंही नव्हतं. सर खुर्चीतून उठले ते एकदम दहा वर्षांनी लहान होऊन उठले. दारात त्यांनी नर्सशी थट्टाही केली.

दुसऱ्या दिवसापासून फोन हिरवा. रोज सकाळी एक गोड आवाज म्हणायचा, "सुप्रभात. आज तुमची चाल छान आहे." बाईंनी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण काळजी हा ज्यांचा स्वभाव असतो त्यांना हिरव्याचीही काळजी वाटते. कालपर्यंत जो ठिपका लाल होता तो आज कुणीतरी बटण दाबलं म्हणून हिरवा झाला, हे काही त्यांच्या मनाला पटेना. सरांना त्यांनी तसं बोलून दाखवलं, तर सर म्हणाले, तुला काळजी करायला काहीतरी लागतंच की. खुशीत होते. माजी विद्यार्थ्यांबरोबर रविवारी बाहुबलीचा डोंगर चढायचा बेत त्यांनी ठरवून टाकला. पायऱ्या अनवाणी चढायच्या, तरुण पोरांना मागे टाकायचं.

त्याच शनिवारी सुप्रियाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. बाई सकाळीच मुक्कामाला निघाल्या. नेसलेली साडी बघितली, पायातली ती काळी रबरी चप्पल बघितली, आणि त्यांना स्वतःचीच कीव आली. चार लोकांत किती दिवस हे आजाऱ्याचं पादत्राण मिरवायचं? चप्पल दारात ठेवली आणि कपाटातली बारीक पट्ट्यांची सोनेरी सँडल काढली. तशीही ती चप्पल बाई बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जातानाही नेत नसत. एवढी महागाची, कुणी उचलली म्हणजे? रोज सकाळी देवळाला जुनी स्लीपर, आल्यावर ही, असा त्यांचा शिरस्ता होता.

वास्तुशांत झाली. रविवारी सकाळी बाई बहिणीच्या घरात गादीवर पडलेल्या होत्या, डोळे नुकते उघडलेले. उशाशी फोन वाजला.

"सुप्रभात. आज तुमची चाल छान आहे."

बाईंना आधी काही कळलंच नाही. त्यांनी पांघरूण बाजूला सारून स्वतःच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पाय गादीवर होते. कालपासून त्यांनी ती चप्पल घातली नव्हती. मग ही चाल कुणाची?

पहिल्यांदा वाटलं, चोर. दारातली चप्पल कुणीतरी उचलली. मग वाटलं, चोर चप्पल घालून पळेल, रोज सकाळी येऊन चालणार नाही. रोज सकाळी. हा निरोप रोज येतो तो त्या देवळात असतात त्या वेळी, चप्पल घरी असताना. आणि मग एकेक आठवायला लागलं. सरांनी मध्यंतरी घेतलेले मोठ्या मापाचे बूट, जुने आटले म्हणून. घरात मोजे घालून फिरणं. रात्री पांघरुणाबाहेर काढलेला डावा पाय, उकडतंय म्हणून. आणि दवाखान्यातले ते प्रश्न. सूज आधी येते की नंतर? दुखत नसेल तर किती दिवस थांबलं तर चालतं? बाई ताडकन उठून बसल्या. ते प्रश्न त्यांच्या पायासाठी नव्हतेच.

फोन लावला तर सर गच्चीवर होते. पाच-दहा मिनिटांत निघतोय, पोरं चौकात थांबलीत, म्हणाले.

"अहो, तुमचा डावा पाय सुजलाय का?"

सरांनी आधी, तुला कुणी सांगितलं, असं विचारलं. मग म्हणाले, थोडी सूज आहे, पण दुखत नाही अजिबात.

बाईंनी उशीचा कोपरा घट्ट धरला. "खाली बसा. हाताची मागची बाजू आधी उजव्या पावलाला लावा. मग डाव्या."

मोजा ओढल्याची खसखस ऐकू आली. मग सर बोलले तो आवाज त्यांचा वाटेना. "डावा तापलाय गं."

"उठू नका. जिना उतरू नका. मी येईपर्यंत एक पाऊल टाकायचं नाही. आणि पोरांना सांगा, डोंगर जागचा हलत नाही."

जयसिंगपूर ते सांगली हे अंतर एरवी गप्पा मारता मारता संपतं. त्या सकाळी बिनड्रायव्हरची रिक्षा प्रत्येक गतिरोधकापाशी नम्रपणे थांबत होती आणि बाईंना तिला ढकलावंसं वाटत होतं. गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणलेला, तर त्या तिथेच उतरल्या आणि सोनेरी सँडलवर तरातरा चालत, जवळजवळ धावत घरी आल्या. गच्चीवर सर उन्हात भिंतीला टेकून बसले होते. पायात ती काळी चप्पल. मोजा काढलेला. डावं पाऊल फुगून गोल झालेलं, आणि तळव्याची खोलगट जागा होती कुठे? तिथे फुगवटा आला होता.

सरांना उचलणं काही बाईंच्या आवाक्यातलं नव्हतं. शेवटी दोन पिढ्यांना कवायत शिकवलेला तो माणूस, रांगतं मूल उतरतं तसा, बसल्या बसल्या एकेक पायरी घसरत जिना उतरला.

दवाखान्यात नर्सने सरांच्या बोटाला सुई टोचली, साखरेचा आकडा बघितला आणि यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा टोचली. बिघडलं नव्हतं. फोटो आला. पावलाच्या मध्यावरची लहान लहान हाडं चिरली होती, काही जागेवरून सरकली होती, आणि पायाची कमान खचली होती. डॉक्टर मगदूमांनी त्या फोटोशेजारी बाईंच्या चपलेचा जुना लाल ठिपका लावला. जागा तंतोतंत तीच.

खुर्चीत टेकत डॉक्टर म्हणाल्या, चूक माझीही आहे. यंत्राने दोनदा खरं सांगितलं. मी दोनदा भलताच पाय बघितला, तो चांगला होता, तसं लिहिलं, आणि वर यंत्राला शिकवलं की हा जाळ म्हणजे नेहमीचंच. आता ते डाव्या पावलाला कुठेही आग लागली तरी हिरवंच दाखवेल. मग त्यांनी सरांना विचारलं, ही चप्पल चुकून घालत होतात का?

सर छताकडे बघत होते. "सुरुवातीला चुकून. दूध आणायला, चप्पल चाल शिकत होती तेव्हाच. नंतर मुद्दाम."

बाईंनी मान वर केली.

"पाय बधिर वाटायला लागला होता," सर बोलत राहिले. "स्वतःची चप्पल घेतली तर नाव लागलं असतं, तपासण्या आल्या असत्या. मंडळात सगळ्यांना कळलं असतं. म्हटलं, गुपचूप बघू. रोज गच्चीवर फेऱ्या मारायचो, ही देवळात गेली की. लाल झालं तेव्हा मला कळत होतं कुणाचं झालं ते. दोनदा सांगायला तोंड उघडलं होतं. मग हिरवं झालं. मला वाटलं, बरा झालो."

"तीन महिने मी आरशात पाय बघत होते," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "तीन महिने मला आप्पा दिसत होते. आणि तुम्ही चहा करून देत होता."

डॉक्टरांनी डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. काही महिने हा पाय जमिनीला टेकवायचा नाही, म्हणाल्या. पाय राहील का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी खोटा धीर दिला नाही. पहिल्या लालला आला असतात तर हो म्हणाले असते, म्हणाल्या, आता बघावं लागेल. निघताना त्यांनी बाईंना सांगितलं, तुमची चप्पल आता विश्वासाची नाही, नवी येईपर्यंत रोज हातानेच बघा. हाताच्या मागच्या बाजूला बरंच कळतं. सरांचा उजवा पायही बघा, सगळा भार आता त्याच्यावर येणार.

घरी अबोला सुरू झाला. बाई वेळेवर जेवण देत, गोळ्या देत, आणि शब्दाने बोलत नसत. रोज संध्याकाळी सरांसमोर जमिनीवर बसून त्यांच्या उजव्या पावलावर हात फिरवत, बोटांच्या बेचक्यांत बघत आणि उठून जात. सर एकदा माफी मागायला गेले तर बाई उठून कुकर लावायला गेल्या. राग तर होताच, पण त्याहून जास्त त्यांना हे लागलं होतं, की एवढ्या वर्षांत या माणसाने पहिल्यांदा माया केली असं वाटलं, आणि ती मायाही त्यांच्या वाटची नव्हती.

अशाच एका संध्याकाळी पाय बघून त्या उठायला लागल्या तर सरांनी हात धरला.

"तुझे पाय कोण बघतं?"

"माझं मी बघते." हे खरं नव्हतं. आरसा त्या रविवारपासून पलंगाखाली पडून होता. त्यांना स्वतःच्या पायांची आठवणसुद्धा झाली नव्हती.

सर खाली सतरंजीवर उतरून बसले, प्लास्टरचा पाय लांब करून. "इकडे कर," म्हणाले. बाईंनी पाय ओढून घेतले. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा, ही काय रीत? घरात तिसरं कुणी नव्हतं, तरी त्यांना लाज वाटली. पण सरांनी ऐकलं नाही. शाळेच्या मैदानावर कितीतरी पोरापोरींचे मुरगळलेले घोटे त्यांनी असेच मांडीवर घेतले होते. त्यांनी उजवं पाऊल घेतलं, हाताची मागची बाजू टाचेपासून बोटांपर्यंत फिरवली. मग डावं घेतलं. हात करंगळीपाशी गेला आणि थांबला. पुन्हा उजव्यावर गेला, पुन्हा डाव्यावर आला.

"काय आहे?" बाईंनी विचारलं.

सरांनी चष्मा पुढे ओढला. करंगळीच्या बाजूला, सँडलची पट्टी बसते तिथे, कातडी निघून बारीक खड्डा पडला होता. कडा लाल, मध्ये ओलसर, भोवतीची जागा गरम. "दुखतंय?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांचे ओठ पांढरे पडले. सोनेरी सँडल. खणलेला रस्ता. किती दिवस झाले त्याला? त्यावर त्या रोज उभ्या राहून स्वयंपाक करत होत्या. आप्पा त्यांच्या डोळ्यांसमोर पायरीवर येऊन बसले.

"आत्ता निघायचं," सर म्हणाले.

बाई म्हणाल्या, आता दवाखाना बंद व्हायची वेळ झाली, शेगडीवर दूध आहे, तुमचं हे एवढं प्लास्टर, उद्या सकाळी बघू. त्यांना स्वतःलाच ऐकू आलं आपण काय बोलतोय ते, पण भीतीने माणूस असंच बोलतो.

"त्रिशला, उद्या म्हणत मी माझा पाय घालवायला बसलोय. तुझा नाही घालवायचा."

आतून दूध वर येत असल्याचा वास आला. बाई सवयीने उठायला गेल्या. सरांनी त्यांचा पाय घट्ट धरून ठेवला. "टेकवायचा नाही. बस."

"मग दूध कोण बघणार? तुम्ही?"

सरांनी हलकेच बाईंचं पाऊल उशीवर ठेवलं, दोन्ही तळहात जमिनीवर रोवले आणि बसल्या बसल्या घसरत निघाले. प्लास्टर फरशीवर खरखरत होतं. उंबरठ्यावर अडकले, पाय हाताने उचलून पलीकडे ठेवला, पुन्हा घसरले. ओट्याखाली हात घालून त्यांनी गॅसचा कॉक बंद केला. थोडं दूध तरी उतू गेलंच, ते वरून त्यांच्या खांद्यावर ठिबकलं. बाईंना रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्या मोठ्याने बोलल्या. "भाजलं का हो?"

"नाही," सर स्वयंपाकघरातून म्हणाले. मग थांबून म्हणाले, "भाजलं. चांगलंच चटचटतंय." आणि त्यात त्यांना समाधान वाटल्याचं बाईंना स्पष्ट ऐकू आलं.

सतरंजीवरचा फोन उजळला. आता चप्पल फक्त बाईंच्याच पायात दिवसभर फिरली होती, आणि संध्याकाळचा हिशेब घेऊन ती आली होती. दोन्ही पावलं हिरवीगार, करंगळीसकट. आज तुमची चाल छान आहे. त्रिशलाबाईंनी तो निरोप बोटाने बाजूला सारला, आधी डॉक्टर मगदूमांना फोन लावून थांबायला सांगितलं, आणि मग रिक्षा बोलावली.